बेडसे, भाजे आणि कार्ले एका दिवसात: चौदा जणांच्या छायाचित्रण सहलीसाठी सल्ला हवा आहे

सह्यवाट

नमस्कार मंडळी,

आमच्या हौशी छायाचित्रकारांच्या गटाने जानेवारीतील दुसऱ्या शनिवारी मावळातील कार्ले, भाजे आणि बेडसे या तिन्ही ठिकाणची चैत्यगृहे, म्हणजे आत स्तूप असलेली कोरीव बौद्ध प्रार्थना-दालने, एकाच दिवसात टिपण्याचे ठरवले आहे. आम्ही चौदा जण आहोत. चौघांकडे फुल फ्रेम कॅमेरे आहेत, सात जणांकडे साध्या किट लेन्सचे कॅमेरे आहेत आणि उरलेले तिघे मोबाइलवरच काम करतात. सर्वांत लहान सदस्या एकोणीस वर्षांची आहे आणि सर्वांत ज्येष्ठ काका एकाहत्तर वर्षांचे असून त्यांचे गुडघे अलीकडे फारशी साथ देत नाहीत. पुण्याहून पहाटे टेम्पो ट्रॅव्हलरने निघायचे आणि रात्री नऊपर्यंत परत यायचे, एवढे पक्के झाले आहे.

माझा कच्चा बेत असा आहे की, गर्दी होण्यापूर्वी सकाळी आठच्या सुमारास कार्ले गाठावे, दुपारी भाजे करावे आणि परतीच्या वाटेवर कामशेतजवळ वळून संध्याकाळी बेडसे पाहावे. कार्ल्याला एकवीरा आईच्या दर्शनासाठी शनिवार-रविवारी मोठी गर्दी असते, म्हणून ते आधी उरकावे असा विचार आहे. हा क्रम योग्य आहे का, हा माझा पहिला प्रश्न.

दुसरा प्रश्न आतील अंधाराचा आहे. तीन वर्षांपूर्वी मी एकटा कार्ल्याला गेलो होतो. चैत्यगृहाच्या आत उभे राहून मी नऊ फ्रेम घेतल्या आणि घरी आल्यावर त्या नऊही टाकून द्याव्या लागल्या. काहींत दर्शनी कमानीच्या जागी नुसते पांढरे भोक होते, तर काहींत कमान नीट आली होती पण स्तूप आणि खांब काळोखात बुडाले होते. ट्रायपॉड नेला नव्हता आणि नेला असता तरी लावू दिला असता की नाही, हेही ठाऊक नव्हते.

तिसरा प्रश्न सर्वांत अवघड वाटतो. एका अरुंद दालनात चौदा जण एकाच वेळी शिरले तर प्रत्येकाच्या छायाचित्रात उरलेले तेरा जण येणार. यावर कोणी काही तोडगा काढला असेल तर कृपया सविस्तर लिहावे.

---

अर्धछाया

सह्यवाट, तुमचा बेत गर्दीच्या दृष्टीने बरोबर असला तरी प्रकाशाच्या दृष्टीने नेमका उलटा आहे. बेडशाचे चैत्यगृह पूर्वाभिमुख आहे, तर कार्ले आणि भाजे ही दोन्ही पश्चिमाभिमुख आहेत. सकाळी आठ वाजता कार्ल्याला पोहोचलात तर ज्या डोंगरात लेणे कोरले आहे, त्याच डोंगराच्या सावलीत तुमचा सारा दर्शनी भाग असेल आणि वर आकाश मात्र उजळलेले असेल. संध्याकाळी बेडशाला गेलात तर तेथेही तेच होईल. म्हणजे दिवसभरात दोनदा तुम्ही चुकीच्या वेळी योग्य ठिकाणी असाल. पुण्याहून येताना कामशेत आधीच लागते, त्यामुळे बेडसे, भाजे, कार्ले हा क्रम रस्त्यालाही सोयीचा आहे.

बेडशाविषयी एक गोष्ट आधी समजून घ्यावी. तेथे चैत्यगृहाच्या समोरचा कातळ पूर्ण काढलेला नाही. दोन्ही बाजूंना उभा खडक ठेवून मधून एक अरुंद बोळ काढलेला आहे आणि त्या बोळातून गेल्यावरच एकदम ओसरीतले उंच खांब समोर येतात. सुमारे पंचवीस फूट उंचीचे चार खांब आहेत, पैकी मधले दोन सुटे आणि कडेचे दोन भिंतीला लागून आहेत. तळाशी घटाचा आकार आणि वर पालथ्या घंटेसारखे शीर्ष असून, त्यावर घोडे, हत्ती, बैल आणि त्यांच्यावर बसलेली स्त्री-पुरुषांची जोडपी कोरलेली आहेत. मागे सरायला जागाच नसल्यामुळे तो दर्शनी भाग एका चौकटीत बसवणे कठीण जाते. सोळा-अठरा मिलिमीटरची वाइड लेन्स असेल तर ठीक, नसेल तर उभ्या फ्रेम घेऊन त्या नंतर जोडाव्यात. किट लेन्सवाल्यांनी मात्र संपूर्ण दर्शनी भागाच्या मागे न लागता खांबांच्या शीर्षांवर लक्ष द्यावे, कारण पंचावन्न मिलिमीटरच्या टोकाला ती जोडपी सुंदर येतात. सूर्य उगवल्यानंतर त्या बोळातून येणारे थेट ऊन फार वेळ टिकत नाही, पण त्याची हळहळ करू नये. ऊन खांबांवरून सरकले की समोरच्या कातळावर आणि जमिनीवर पडलेला उजेड परतून आत येतो, आणि कोरीव कामासाठी तो मऊ उजेड थेट उन्हापेक्षा मला अधिक उपयोगी वाटतो.

भाज्याला अकरा ते दीडच्या दरम्यान पोहोचावे. भर दुपारी छायाचित्रण करू नये हा नियम डोंगरदऱ्यांसाठी ठीक आहे, लेण्यांसाठी नाही. भाज्याच्या चैत्यगृहाला पुढे पूर्वी लाकडी पडदी होती. ती केव्हाच नाहीशी झाली असून तिच्यासाठी केलेल्या खाचा आजही दिसतात. पडदी नसल्यामुळे संपूर्ण दालन समोरून उघडे आहे, ऊन अजून माथ्यावर असते आणि अंगणातून परतलेला उजेड थेट स्तूपापर्यंत पोहोचतो. तीननंतर हेच ऊन आत तिरके शिरते आणि उजेड-अंधाराची दरी वाढते.

कार्ल्याला तीन वाजता वर असावे. जानेवारीत सूर्य नैर्ऋत्येकडे झुकलेला असतो, म्हणून दर्शनी भिंतीवरचे ऊन समोरून न येता बाजूने खरवडत जाते आणि ओसरीतील स्त्री-पुरुषांच्या जोड्या, दोन्ही टोकांना असलेले हत्ती, हे सारे उठावदार दिसते.

आता तुमच्या नऊ फ्रेमविषयी. कार्ल्याचे दालन सुमारे ३८ मीटर लांब आणि साधारण १४ मीटर उंच आहे, आणि उजेड येण्याचा मुख्य मार्ग म्हणजे ती घोड्याच्या नालेच्या आकाराची कमान. त्या कमानीतील आकाश आणि स्तूपामागची प्रदक्षिणेची वाट यांतील फरक कोणताही कॅमेरा एका एक्स्पोजरमध्ये पेलू शकत नाही. म्हणून एक तर दोन-दोन स्टॉपच्या (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) अंतराने पाच फ्रेम घ्याव्यात आणि नंतर एकत्र कराव्यात, किंवा, जे मी अलीकडे अधिक करतो, कमानीकडे पाठ करून छायाचित्र घ्यावे. दारातून आत पाहताना उजेड तुमच्या पाठीमागून येतो, खांबांच्या रांगा उजळतात आणि शेवटी स्तूप हलक्या उजेडात उभा असतो. कमान टिपायचीच असेल तर स्तूपाच्या बाजूने बाहेर पाहत, छताचे लाकडी वासे काळ्या रेषांसारखे येऊ द्यावेत. सगळेच उजळून दिसले पाहिजे हा हट्ट सोडला तर निम्मी अडचण संपते.

आत गेल्यावर पहिली दहा मिनिटे कॅमेरा पिशवीतच ठेवावा. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला तेवढा वेळ लागतोच.

---

मावळकर

अर्धछाया यांनी सांगितलेला क्रमच धरा. मी याच भागातला आहे, म्हणून चार व्यवहाराच्या गोष्टी सांगतो.

बेडशाला पायथ्यापासून चारशेच्या आसपास पायऱ्या आहेत, कार्ल्याला गाडी बऱ्यापैकी वर जात असली तरी पुढे चढ आहेच, आणि त्या मानाने भाजे सोपे. काकांना तिन्ही ठिकाणी चढवण्याचा आग्रह धरू नका, भाजे आणि कार्ले पुरे. बेडशाला भल्या सकाळी जायचे असेल तर आदल्या दिवशी कोणी तरी येऊन पहारेकऱ्याशी बोलून ठेवलेले बरे. तेथे तिकीट नाही, भाजे आणि कार्ले येथे मात्र आहे.

लेण्यांच्या कपारींत आग्या मोहोळे असतात. डोक्याला सुगंधी तेल, अंगाला अत्तर किंवा स्प्रे लावून कोणी येऊ नये, धूर करू नये आणि मोठ्याने हाका मारू नयेत. ड्रोन तर आणूच नका. परवानगीचा प्रश्न आहेच, पण मोहोळ उठले तर पायऱ्यांवरून चौदा माणसे धावतील कुठे? कार्ल्याला माकडे हातातली पिशवी ओढतात, तेव्हा लेन्सचे झाकण आणि केळे एका कप्प्यात ठेवू नये.

---

दुसरी_फ्रेम

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मी स्वतःच्या फजितीतून देऊ शकतो. काही वर्षांपूर्वी मी अकरा जणांचा गट घेऊन भाज्याला गेलो होतो आणि कोणताही नियम ठरवला नव्हता. पहिल्याच मिनिटाला सर्वजण दालनाच्या मध्यरेषेवर, स्तूपाच्या समोर, एकामागे एक उभे राहिले, कारण चैत्यगृहाची रचनाच अशी असते की प्रत्येकाला तीच जागा हवीशी वाटते. पुढचा बसला, मागचा वाकला, त्याच्या मागच्याने ‘जरा डावीकडे व्हा’ म्हटले आणि अर्ध्या तासात दोन जुन्या मित्रांत अबोला झाला. त्यात एकाने ट्रायपॉड उघडला. पहारेकरी आला आणि त्याने शांतपणे तो बंद करायला सांगितला. त्याचे काहीच चुकले नव्हते. संरक्षित स्मारकांत ट्रायपॉडसाठी आधी परवानगी काढावी लागते, हे मला माहीत असूनही मी गटाला सांगितले नव्हते.

त्यानंतर मी अशी पद्धत ठेवली आहे. आत शिरण्यापूर्वी अंगणातच चिठ्ठ्या टाकून गटाचे तीन भाग करायचे. पहिला भाग मध्यरेषेवर काम करतो, दुसरा बाजूच्या वाटांमध्ये, म्हणजे खांब आणि भिंत यांच्यामधल्या जागेत राहतो, आणि तिसरा बाहेर दर्शनी भाग किंवा विहार, म्हणजे भिक्षूंच्या निवासाची लेणी, पाहतो. वीस मिनिटांनी शिट्टी न वाजवता, फक्त हात वर करून अदलाबदल करायची. मध्यरेषेवरच्या भागातही एका वेळी एकच जण उभा राहील, उरलेले त्याच्या मागे थांबतील आणि प्रत्येकाला चार मिनिटे मिळतील. बाजूच्या वाटेत असलेल्यांनी खांबाच्या आड राहायचे. भाज्याला सत्तावीस खांब आहेत, पाच माणसे सहज लपतात. प्रत्येक ठिकाणची शेवटची दहा मिनिटे मात्र कोणालाच आत जाऊ देत नाही. सर्वजण बाहेर थांबतात आणि ज्याला रिकाम्या दालनाची एक फ्रेम हवी असेल त्याने ती दारातून घ्यावी.

ट्रायपॉडऐवजी तांदूळ किंवा वाल भरलेली कापडी थैली न्यावी. ती जमिनीवर ठेवून त्यावर कॅमेरा बसवला की अर्ध्या सेकंदाचे एक्स्पोजरही स्थिर येते, आणि खालून घेतल्यामुळे छताची कमान अधिक भव्य दिसते. थैली कोरीव कामावर किंवा स्तूपाच्या कडेवर ठेवू नये, हे सांगायला नको खरे तर, पण सांगावे लागते.

भाज्याविषयी आणखी एक सांगतो, कारण ही चूक तुमच्या गटातील निदान निम्मे जण करतील. त्या सहलीतील माझे एक छायाचित्र आम्ही छोट्याशा प्रदर्शनात लावले होते. दोन्ही बाजूंना खांबांच्या सरळसोट रांगा आणि मधोमध स्तूप. मला ते फार आवडले होते. कलेचा इतिहास शिकवणाऱ्या एक निवृत्त बाई प्रदर्शन पाहायला आल्या, त्या छायाचित्रासमोर बराच वेळ थांबल्या आणि मला विचारले, ‘हे भाजेच का?’ मी हो म्हटले. त्या म्हणाल्या, ‘मग खांब सरळ कोणी केले?’

भाज्याचे अष्टकोनी खांब मुळातच आतल्या बाजूला कललेले आहेत. लाकडी इमारतीत वरच्या कमानीचा रेटा पेलण्यासाठी खांब तिरके रोवत असत, आणि दगडात तसे करण्याची काहीही गरज नसताना इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातील त्या कारागिरांनी लाकडातली तीच सवय कातळात उतरवली. मी घरी येऊन लाइटरूम या छायाचित्र-संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये उभ्या रेषा सरळ करण्याचे बटण दाबले होते. संगणकाने आपले काम चोख केले आणि सुमारे बावीसशे वर्षे जुना कल एका क्षणात पुसून टाकला. लेन्समुळे आलेला तिरकेपणा वेगळा आणि खांबाचा स्वतःचा वेगळा. तेव्हापासून कॅमेरा पाणसळीत धरून एक तरी फ्रेम घेतो आणि घरी दुरुस्ती करताना ती शेजारी उघडून ठेवतो.

---

लेखवाचक

चर्चा प्रकाशाची आणि जागेची चालली आहे, त्यात थोडी भर घालतो. चैत्यगृह हे त्या काळच्या बौद्धांचे देऊळच होते आणि ते कोणी कोणी मिळून उभे केले, हे कार्ल्याचे खांब स्वतः सांगतात. म्हणून गटातील दोघा-तिघांनी तरी दिवसभर फक्त शिलालेख टिपण्याचे काम घ्यावे असे सुचवतो.

कार्ल्याच्या ओसरीत डाव्या टोकाला असलेल्या लेखात वैजयंतीच्या भूतपाल श्रेष्ठीने (श्रेष्ठी म्हणजे धनिक व्यापारी) हे शैलगृह ‘जंबुद्वीपात उत्तम’ असे पुरे केल्याचे म्हटले आहे. वैजयंती म्हणजे आजच्या कर्नाटकातील बनवासी. आतील खांबांवर धेनुकाकट नावाच्या गावच्या यवनांची (म्हणजे ग्रीक म्हणवणाऱ्यांची) दाने कोरलेली आहेत, सोपाऱ्याच्या माणसाचे दान आहे, आणि बाहेरचा सिंहस्तंभ हे एका महारठीचे, म्हणजे त्या काळच्या बड्या सरदाराचे, दान आहे. त्याच ठिकाणी क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याने भिक्षूंना गाव दिल्याचा लेख आहे आणि पुढे सातवाहनांनीही तेथील संघाला दान दिल्याचे लेख आहेत. या लेखांतील मामाल या प्रदेशनावात आजच्या मावळचे मूळ अभ्यासक पाहतात. बेडशाला ओसरीतल्या खोलीच्या दारावर नाशिकच्या आनंद श्रेष्ठीच्या पुत्राचे, पुष्यणकाचे, दान नोंदलेले आहे. भाज्याला चौदा स्तूपांचा जो समूह आहे, त्यातील काही स्तूपांवर थेरांची नावे आहेत. ते स्तूप त्या त्या ज्येष्ठ भिक्षूंचे स्मारक आहेत. चौदा जणांच्या गटाला चौदा स्तूप, हा योगायोग तुम्ही कोणी तरी नक्कीच छायाचित्रात वापराल. फक्त प्रत्येकाला एकेका स्तूपाशेजारी उभे करू नका, एवढी विनंती.

ब्राह्मी अक्षरे समोरच्या उजेडात दिसतच नाहीत. दगड आणि खाच यांचा रंग एकच असतो, म्हणून खाचेत सावली पडली तरच अक्षर उमटते. त्यासाठी उजेड भिंतीला जवळजवळ समांतर हवा. कार्ल्याच्या खांबांवर दारातून येणारा उजेड एका बाजूला असा तिरका पडतो. तेथे आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाश-संवेदनशीलता) वाढवून, कॅमेरा अक्षरांच्या बरोबर समोर धरून छायाचित्र घ्यावे. उजेड कमी पडला तर पहारेकऱ्याला विचारून मोबाइलचा दिवा बाजूने, हातभर अंतरावर धरावा. फ्लॅश तर नकोच, नियमानेही नको आणि समोरून मारलेल्या फ्लॅशने अक्षरे सपाट होतात म्हणूनही नको. अक्षरांत खडू किंवा पाणी भरून ती ठळक करण्याचा जुना प्रकार कोणी करताना दिसले तर त्याला थांबवावे.

आणखी एक. कार्ल्याचे खांब पाहताना सर्वजण आतल्या बाजूचे, गुडघे टेकलेल्या हत्तींवर बसलेल्या जोडप्यांचे छायाचित्र घेतात. खांबांच्या पाठीमागे, म्हणजे बाजूच्या वाटेकडे, घोडेही कोरलेले आहेत. अंधारामुळे त्यांच्याकडे कोणी फिरकत नाही.

---

दर्याकन्या

मी कोळी समाजातली आहे आणि एकवीरा आमची कुलस्वामिनी आहे, म्हणून एक गोष्ट स्पष्ट लिहिते. वर ‘गर्दी’ हा शब्द बऱ्याच वेळा आला आहे. ती गर्दी म्हणजे आम्ही. लेण्याच्या दारातच, उजव्या हाताला, आईचे देऊळ आहे. चैत्र शुद्ध सप्तमीच्या यात्रेला आणि नवरात्रात तर मुंबई, ठाणे, रायगडचे कोळी आणि आगरी बांधव पालख्या घेऊन येतात. लहानपणी आमच्यासाठी ते लेणे म्हणजे आईच्या दर्शनाची रांग लागायच्या आधी सावलीत बसायची जागा होती. तेथे डबा सोडल्याचेही मला आठवते. आता तसे कोणी करू देत नाही आणि ते योग्यच आहे.

तुमच्या छायाचित्रांत आमच्या आयाबाया, ओटी घेऊन चालणारी नवी सून, फुलांच्या टोपल्या येणारच. आक्षेप येण्याला नाही, न विचारता जवळून घेण्याला आहे. मागे माझ्या मावशीचा, हातात नारळ आणि डोळे मिटलेले असा, अगदी जवळून घेतलेला फोटो कोणाच्या तरी पानावर ‘श्रद्धा’ अशा मथळ्याखाली फिरत होता. तिला तो तिच्या नातवाने दाखवला. ती रागावली नाही, पण ‘मला सांगितलं असतं तर पदर नीट घेतला असता’ एवढेच म्हणाली.

विचारा, नाव सांगा, फोटो पाठवा. आमची माणसे नाही म्हणणारी नाहीत. आणि लेण्यातील गर्दी टाळण्यासाठी देवळाचा भाग चौकटीबाहेर ठेवण्याची धडपडही करू नका. सिंहस्तंभ डावीकडे आणि आईचे देऊळ उजवीकडे, असेच ते अंगण आम्ही पिढ्यान् पिढ्या पाहत आलो आहोत. देऊळ कापून काढलेले कार्ले मला तरी ओळखू येत नाही.

---

सह्यवाट

सर्वांचे मनःपूर्वक आभार. दर्याकन्याताई, ‘गर्दी’ या शब्दाबद्दल माफ करा. तो मी पहिल्याच संदेशात वापरला होता.

बेत बदलला आहे. पहाटे साडेपाचला निघून सात वाजता बेडशाच्या पायथ्याशी पोहोचायचे, काका आणि त्यांच्यासोबत एक जण कामशेतला चहा-नाश्त्याला थांबतील व नंतर भाज्याला आमच्यात येतील. दहापर्यंत बेडसे, सव्वाअकरा ते दीड भाजे, तेथेच पिठलं-भाकरी आणि तीन वाजता कार्ले. चिठ्ठ्या टाकण्याची पद्धत जशीच्या तशी घेत आहोत. थैल्यांत वाल भरण्याचे काम एकोणीस वर्षांच्या सदस्येने अंगावर घेतले आहे आणि परत आल्यावर त्याची उसळ करण्याचेही. लेखवाचक यांच्या सूचनेप्रमाणे दोघे जण फक्त शिलालेख टिपतील.

अर्धछाया, एक शंका आहे. बेडशाला थेट ऊन थोडाच वेळ टिकत असेल तर चिठ्ठीत पहिली पाळी आलेल्यांनाच ते मिळणार. उरलेल्यांची नाराजी कशी टाळावी?

---

अर्धछाया

टाळू नका. पहिल्या पाळीतल्यांना ऊन मिळेल आणि दुसऱ्या पाळीतल्यांना परतलेला मऊ उजेड मिळेल. संध्याकाळी दोन्ही शेजारी ठेवून पाहा. शिवाय बेडशाला चैत्यगृहाशेजारी एक विहार आहे, त्याचे छत कमानीसारखे आणि मागचा भाग चैत्यगृहासारखाच अर्धगोल आहे. निवासाच्या लेण्यांत असा आकार क्वचितच आढळतो. तिसऱ्या भागाला तेथे बसवा, त्यांना उन्हाची आठवणही होणार नाही.

आणि एक तुलना जरूर करा. कार्ले आणि भाजे येथे छताला लाकडी वासे आजही आहेत, बेडशाचे मात्र गेलेले आहेत. तिन्ही छतांची छायाचित्रे सारख्याच कोनातून, दालनाच्या मध्यावर कॅमेरा आडवा ठेवून घेतली तर तीन फ्रेमचा संच होईल. वासे गेल्यावर कमान किती उघडी पडते, हे मला शब्दांत नीट सांगता आलेले नाही.

---

सह्यवाट

काल जाऊन आलो. सविस्तर नंतर लिहितो, पण ज्यांनी वेळ दिला त्यांना थोडक्यात कळवणे भाग आहे.

बेडशाला ऊन आले तेव्हा पहिल्या पाळीतले पाच जण ओसरीत होते. उजवीकडच्या खांबाच्या घटावर उन्हाचा एक पट्टा पडला, सरकत वर चढला आणि गेला. त्या वेळात दोघांच्या लेन्स बाहेरच्या थंडीतून आल्यावर त्यांवर चढलेले धुके पुसण्यातच पाच मिनिटे गेली. दुसऱ्या पाळीतल्यांची छायाचित्रे अर्धछाया म्हणाले तशी खरोखरच अधिक चांगली आहेत आणि त्यावरून पहिल्या पाळीतले नाराज आहेत. तीन छतांपैकी बेडशाचे घ्यायचे राहून गेले, कारण ज्याच्याकडे ते काम होते तो विहारात रमला.

भाज्याला काकांनी चौदा स्तूपांसमोर पायरीवर बसकण मारली आणि तेथून ते दीड तास हलले नाहीत. मध्यरेषेची चार मिनिटांची पाळी तिघांनी मोडली, त्यांत मी एक होतो.

कार्ल्याला अंगणात उरणहून आलेले एक कुटुंब भेटले. विचारल्यावर आजींनी आधी पदर सारखा केला, मग नातवंडांना हाका मारून बोलावले, आणि एका छायाचित्राचे सतरा जणांचे छायाचित्र झाले. मागे सिंहस्तंभ आहे, उजव्या कडेला देवळाची कमान आहे. आजच सकाळी ते त्यांच्या सुनेच्या व्हॉट्सॲपवर पाठवले. शिलालेखांचे काम घेतलेल्या दोघांनी खांबांच्या मागचे घोडे शोधून काढले आहेत, पण लेखांच्या अक्षरांपैकी किती वाचता येतील हे लेखवाचक यांनीच पाहून सांगावे. त्या फ्रेम मी उद्या येथे टाकतो. भाज्याच्या खांबांना अजून कोणी हात लावलेला नाही.